असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने: सेटअपच्या समजुती तपासून घेण्याची जागा

ऑनलाइन रेसिंगच्या खेळांत लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ मनासारखी आली नाही की पहिला दोष गाडीच्या सेटअपला, म्हणजे टायर, सस्पेन्शन, विंग वगैरेंच्या जुळवणीला, दिला जातो. समोरचा खेळाडू एका लॅपमध्ये दोन सेकंदांनी पुढे असेल, तर त्याच्याकडे काहीतरी खास सेटअप असणार असे धरूनच चालले जाते आणि मग सराव बाजूला राहून सेटअपच्या तयार फाइलींचा शोध सुरू होतो. ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा खेळ मला मोलाचा वाटतो तो नेमका याच ठिकाणी. या समजुती खऱ्या की खोट्या हे स्वतः तपासून पाहण्याची साधने तो खेळाडूच्या हाती देतो, आणि नीट तपासल्यास त्यांतल्या बहुतेक समजुती टिकत नाहीत. म्हणून या परीक्षणात खेळाच्या देखणेपणाचा विचार थोडक्यात आणि गाडी चालवण्याचे तंत्र व सेटअप यांबाबत तो किती खरेपणाने वागतो याचा विचार विस्ताराने केला आहे.

हा खेळ कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन स्टुडिओने तयार केला असून तो ५०५ गेम्सने प्रकाशित केला आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तो अपूर्ण स्वरूपात उपलब्ध झाला आणि २०१९ च्या मे महिन्यात संगणकासाठी पूर्ण आवृत्ती आली. कन्सोलवर तो त्यानंतर वर्षभराने पोहोचला. आज जीटी वर्ल्ड चॅलेंज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धामालिकेचा हा अधिकृत खेळ आहे, त्यामुळे यात जीटी३ आणि जीटी४ या वर्गांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून घडवलेल्या शर्यतीच्या गाड्यांना केंद्रस्थान आहे. मोंझा, स्पा, सिल्व्हरस्टोन, झांडव्होर्ट, हंगरोरिंग यांसारखे ट्रॅक मूळ खेळातच मिळतात. सुझुका, क्यालामी, लगुना सेका, माउंट पॅनोरमा आणि २०२४ मध्ये आलेला नॉर्डश्लाइफ हे मात्र वेगळे विकत घ्यावे लागतात. फॉर्म्युला गाड्या, रॅलीच्या गाड्या किंवा रस्त्यावरच्या साध्या गाड्या ज्यांना हव्या असतील, त्यांच्यासाठी हा खेळ नाही. विषय इतका आखीव असल्यामुळेच मात्र त्याला एकाच प्रकारच्या गाडीच्या वागणुकीत खोलवर शिरता आले आहे, असे माझे मत आहे.

सेटअपच्या पडद्यावर टायर, इलेक्ट्रॉनिक्स, इंधन, मेकॅनिकल ग्रिप (सस्पेन्शनमधून मिळणारी पकड), डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि एरो (हवेच्या दाबातून मिळणारी पकड) असे विभाग आहेत. नवख्या खेळाडूला तिथले आकडे पाहून दडपण येते आणि वेग इथेच कुठेतरी दडलेला असणार, असे त्याला साहजिकच वाटते. प्रत्येक गाडीसोबत ‘सेफ’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ असे तयार सेटअपही दिलेले असतात. हे तयार सेटअप केवळ नावापुरते असतात आणि त्यांवर वेगाने गाडी चालवताच येत नाही, ही पहिली आणि सर्वांत पसरलेली समजूत. प्रत्यक्षात ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ सेटअपमध्ये टायर प्रेशर आणि इंधन त्या दिवसाच्या हवेनुसार जुळवून घेतले, तर निष्णात खेळाडू त्यावर अतिशय चांगली वेळ काढतो, आणि मध्यम दर्जाचा खेळाडू विकतच्या सेटअपवरही आपल्या नेहमीच्या वेळेच्या आसपासच घुटमळतो. दोघांमधले अंतर गाडी बदलून मिटत नाही.

यामागचा हिशेब साधा आहे. मोंझाच्या मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी जीटी३ गाडी ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगात असते, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. पहिल्या शिकेनसाठी (लागोपाठच्या उलटसुलट वळणांसाठी) ब्रेक दाबायला एका लॅपमध्ये दुसऱ्या लॅपपेक्षा केवळ एक दशांश सेकंद इकडेतिकडे झाले, तरी ब्रेकची जागा साडेसात मीटरने सरकते. ब्रेक तेवढा लवकर लागला, तर वेग उतरलेल्या गाडीला वळणाआधीचे ते साडेसात मीटर ताशी ८०-९० किलोमीटरने कापावे लागतात आणि एकाच वळणावर सुमारे दोन दशांश सेकंद जातात. अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारी दांडी) एका पायरीने बदलल्यावर संपूर्ण लॅपमध्ये जो फरक पडेल, तो एवढा मोठा असण्याची शक्यता फारच कमी. म्हणजे ज्याच्या ब्रेकच्या जागा लॅपगणिक हलतात, त्याने सेटअप बदलून वेळ सुधारल्याचे सांगितले, तर सुधारणा सेटअपने झाली की त्या लॅपमध्ये ब्रेक योग्य जागी लागल्यामुळे झाली, हे त्याचे त्यालाही कळू शकत नाही. बहुतांश समजुती अशाच जन्माला येतात. एक बदल केला, पुढचीच लॅप योगायोगाने चांगली गेली आणि त्या बदलाचे नाव झाले.

हा खेळ या बाबतीत मदत करतो ती त्याच्या नियंत्रित सराव सत्रांमुळे. हवामान, तापमान आणि दिवसाची वेळ खेळाडूला स्वतः ठरवता येते. ट्रॅकची अवस्थाही खेळात गणली जाते. सुरुवातीला पकड कमी असते, गाड्या फिरून रबर बसले की ती वाढते, पाऊस आला की पुन्हा उतरते. हे ध्यानात न घेता सत्राच्या सुरुवातीची लॅप आणि अर्ध्या तासानंतरची लॅप यांची तुलना करणाऱ्याला आपण केलेला प्रत्येक बदल उपकारकच वाटणार, कारण ट्रॅक दरम्यान आपोआप वेगवान झालेला असतो. इंधनाचेही तसेच आहे. ६० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ४५ किलो वजन, आणि ते जसजसे जळते तसतशी गाडी हलकी होऊन वेळ सुधारते. बदल तपासायचा असेल तर हवा तीच, इंधन तेवढेच, एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलासाठी सलग अनेक लॅप, एवढे पथ्य पाळावेच लागते. खेळातला ‘हॉटस्टिंट’ हा प्रकार मला त्यासाठी फार उपयोगी वाटतो, कारण त्यात एका चमकदार लॅपपेक्षा ठरलेल्या अवधीतले सातत्य मोजले जाते.

टायर प्रेशर ही सेटअपमधली एकच गोष्ट अशी आहे की जिच्याकडे प्रत्येक खेळाडूने पहिल्या दिवसापासून लक्ष दिले पाहिजे, आणि गैरसमजही सर्वाधिक तिच्याचबद्दल आहेत. सेटअपच्या पडद्यावर आपण भरतो ते थंड टायरचे प्रेशर, तर पकड ठरते ती गाडी धावून टायर तापल्यानंतरच्या प्रेशरवर. खेळाच्या १.९ या आवृत्तीपासून कोरड्या ट्रॅकवरच्या टायरसाठी तापलेले प्रेशर साधारण २६ ते २७ पीएसआय (दाबाचे एकक) असावे असे मानले जाते. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये हा आकडा २७.५ च्या आसपास होता. जुने व्हिडिओ अजूनही तोच आकडा सांगत फिरत आहेत आणि ते पाहून गाडी जुळवणारा खेळाडू प्रामाणिकपणे मेहनत करूनही चुकीच्या लक्ष्यामागे धावत राहतो. खेळाचे टायर मॉडेल बदलले की कालचे ज्ञान आजची समजूत बनते, हे इथे फार स्पष्टपणे दिसते.

दुसरा गैरसमज असा की प्रेशर जितके कमी तितकी पकड जास्त. प्रेशर कमी असले की टायर अधिक पसरतो हे खरे, पण तो मुरगळतोही अधिक. स्टिअरिंगला प्रतिसाद मंदावतो, टायरची बाजू जास्त वाकून उष्णता वाढते आणि काही लॅपनंतर गाडी ढिली वाटू लागते. योग्य पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना पकड घसरते, हे या खेळात प्रत्यक्ष करून बघता येते.

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या सेटअपशी संबंधित आहे. हवेचे तापमान एका अंशाने बदलले की प्रेशरमध्ये सुमारे ०.१ पीएसआयचा फरक पडतो, असा खेळाडूंमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. त्यामुळे २० अंशांच्या हवेत बनवलेला सेटअप ३० अंशांच्या शर्यतीत जसाच्या तसा वापरला, तर चारही टायर जवळजवळ एक पीएसआयने वर जातात, म्हणजे योग्य पल्ल्याच्या एका टोकावरून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. शिवाय मोंझासारख्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त असल्यामुळे डावीकडचे टायर अधिक तापतात आणि त्यांना थंड अवस्थेत थोडे कमी प्रेशर द्यावे लागते. प्रत्येक खेळाडू टायर किती घासतो यावरही उष्णता अवलंबून असते. म्हणून प्रेशर उसने आणता येत नाही. काही लॅप चालवून, पडद्यावरचे आकडे पाहून, पुन्हा गॅरेजमध्ये येऊन ते स्वतःच जुळवावे लागते. हे काम कंटाळवाणे नाही. प्रत्येक चाकाचे प्रेशर आणि तापमान खेळ चालू असतानाच दिसत असल्यामुळे आपण कोणत्या वळणावर कोणत्या टायरवर अन्याय करतो, हेही त्यातून उमगू लागते.

आता अंडरस्टिअरकडे वळतो, कारण सेटअपच्या नावाने होणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. गाडी वळत नाही, पुढची चाके सरळ घसरतात, तेव्हा पुढचा अँटी-रोल बार मऊ करा, मागची राइड हाइट (जमिनीपासूनची उंची) वाढवा, विंग (गाडी खाली दाबणारा मागचा पंख) कमी करा असे सल्ले लगेच मिळतात. हे सल्ले भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नाहीत. टायरवर भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे एखाद्या आसावरचा भार वळणात बाहेरच्या चाकाकडे जितका अधिक सरकेल, तितकी त्या आसाची एकूण पकड घटते. पुढचा बार कडक असेल तर ही घट पुढे होते आणि गाडी कमी वळते. इथपर्यंत सर्व ठीक आहे. खरा प्रश्न असतो तो अंडरस्टिअर गाडीत आहे की चालवणाऱ्याच्या हातापायांत, हा.

स्पाच्या पूऑन या वळणाचे उदाहरण घेऊ. उतारावरचे, डावीकडे जाणारे, दुहेरी एपेक्सचे (एपेक्स म्हणजे वळणाचा सर्वांत आतला बिंदू) हे लांब आणि वेगवान वळण आहे. त्यात शिरताना बहुतेक खेळाडू ब्रेकवर थोडा दाब देतात, एक गिअर उतरवतात आणि ब्रेक एकदम सोडून स्टिअरिंग फिरवतात. ब्रेक लावल्यावर पुढच्या चाकांवर आलेला भार ब्रेक एकदम सुटल्याबरोबर मागे जातो, म्हणजे पुढच्या टायरना पकडीची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच क्षणी त्यांच्यावरचा भार कमी होतो. गाडी वळत नाही असे वाटून खेळाडू स्टिअरिंग आणखी फिरवतो. प्रत्येक टायरला एका ठरावीक कोनापर्यंतच पकड वाढवून देता येते. त्यापलीकडे कोन वाढवला तर पकड कमी होत जाते आणि रबर नुसते घासले जाते. पुढचे टायर तापतात, प्रेशर चढते, पुढच्या लॅपमध्ये गाडी आणखी कमी वळते आणि खेळाडू मनाशी ठरवतो की सेटअपमध्ये अंडरस्टिअर आहे.

संगणकावर हा खेळ सत्राची टेलिमेट्री (वेग, ब्रेक, स्टिअरिंग यांची क्षणोक्षणीची नोंद) मोटेकच्या आय२ या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येईल अशा स्वरूपात साठवू शकतो, आणि माझ्या दृष्टीने हे या खेळाचे सर्वांत मोठे देणे आहे. पूऑनचा आलेख उघडला की स्टिअरिंगच्या कोनाची रेषा वर वर जाताना दिसते, बाजूच्या बलाची रेषा मात्र तेवढीच राहते किंवा किंचित खाली येते. त्या दोन रेषा एकमेकींपासून फाकतात तिथून पुढे फिरवलेले सगळे स्टिअरिंग वाया गेलेले असते. त्याच आलेखात ब्रेकची रेषा पाहावी. ती कड्यासारखी सरळ खाली कोसळत असेल तर दुखणे पायात आहे, आणि सौम्य उतारासारखी हळूहळू शून्यावर येत असूनही पुढचे टायर घसरत असतील, तेव्हा कुठे अँटी-रोल बारला हात लावण्याचे कारण उरते. हा क्रम पाळला तर सेटअप बदलण्याच्या निम्म्या प्रसंगांची गरजच उरत नाही.

यालाच जोडून असलेली एक जुनी शिकवण म्हणजे ब्रेकिंग सरळ रेषेत पूर्ण करावे आणि मगच वळावे. अगदी नवख्या माणसाला ती सुरक्षित ठेवते, म्हणून पहिल्या काही दिवसांसाठी मी तिला नावे ठेवणार नाही. वेग हवा असेल तर मात्र ती लवकरच मागे सोडावी लागते. ब्रेकवरचा दाब कमी करत करत आणि त्याच प्रमाणात स्टिअरिंग वाढवत वळणात शिरणे, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, हे जीटी३ गाड्यांमध्ये मुख्य तंत्र आहे. या गाड्यांना खऱ्या शर्यतीतही एबीएस असते, त्यामुळे खेळात एबीएस वापरणे म्हणजे सवलत घेणे, हा समज निराधार आहे. याउलट, एबीएस आहे म्हणून पाय शेवटपर्यंत दाबून धरावा हा समजही तितकाच घातक. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण टायरची एकूण पकड वाढवत नाही. ती सगळी ब्रेकिंगमध्ये खर्च होत असेल तर वळण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. पेडलवरचा पाय जितका हळुवारपणे उठतो, तितकी गाडी एपेक्सकडे मान वळवते, आणि हे या खेळात हाताला अतिशय स्पष्ट जाणवते.

उशिरा ब्रेक लावणे म्हणजे वेगवान असणे, ही समजूत तर दृश्य परिणामामुळे टिकून आहे. शर्यतीत ओव्हरटेक करताना उशिरा ब्रेक लावणारा पुढे गेलेला दिसतो, पण वळणातून बाहेर पडताना तो थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) उशिरा देतो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर मागचा खेळाडू पुन्हा त्याला गाठतो, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. मोंझाच्या पाराबोलिकासारख्या वळणानंतर एक किलोमीटरहून मोठा सरळ पट्टा असतो. तिथे बाहेर पडण्याचा वेग थोडासाही कमी झाला तर तो तोटा त्या संपूर्ण पट्ट्यावर सोबत राहतो. लहान पट्ट्याआधीच्या वळणावर मात्र उशिरा ब्रेक लावण्याला अर्थ असू शकतो. नियम वळणागणिक बदलतो आणि तो शिकण्यासाठी ट्रॅक पाठ करावा लागतो.

विंगच्या बाबतीत एक साखळी वारंवार पाहायला मिळते. सरळ पट्ट्यावर वेग मिळावा म्हणून खेळाडू मागची विंग खाली आणतो. वेग मिळतो, पण एरोचा तोल पुढे सरकतो आणि वेगवान वळणांमध्ये, उदाहरणार्थ मोंझाच्या आस्कारीत, गाडीची मागची बाजू निसटू लागते. ती सावरण्यासाठी मागचा बार मऊ केला जातो, तर संथ वळणांमध्ये गाडी आळशी होते. मग डिफरन्शियलचा (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या यंत्रणेचा) प्रीलोड बदलला जातो, मग कॅम्बर (चाकांचा उभा कल), मग टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा). शेवटी सेटअपमध्ये इतके बदल झालेले असतात की मूळ कारण विंग होते हे कोणालाच आठवत नाही. विंगचे आकडे बदलायचे तर पुढच्या टोकाची राइड हाइट किंवा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) यांचा विचारही सोबतच करावा, एवढे जरी पाळले तरी ही साखळी सुरूच होत नाही. गाडी जितकी खाली आणि जितकी कडक तितकी वेगवान, या समजुतीलाही हाच न्याय लागू पडतो: खाली आणलेली गाडी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आपटली आणि बम्प स्टॉपवर (सस्पेन्शनच्या हालचालीच्या शेवटच्या अडथळ्यावर) बसली की चाकांवरचा भार झटक्यात बदलतो आणि पकड तेवढ्यापुरती नाहीशी होते.

ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना चाके घसरू न देणारी यंत्रणा) शून्यावर नेणे हे धाडसाचे लक्षण मानले जाते. एखाद्या मोजक्या लॅपसाठी निष्णात चालकाला त्याचा फायदा होतही असेल, पण तासाभराच्या शर्यतीत मागचे टायर प्रत्येक वळणातून बाहेर पडताना थोडेथोडे घसरून तापतात आणि शेवटच्या टप्प्यात तो फायदा उलटतो. शिवाय प्रत्येक गाडीचे ट्रॅक्शन कंट्रोल वेगळ्या प्रकारे आखलेले आहे, त्यामुळे एका गाडीतली ‘तीन’ ही पातळी म्हणजे दुसऱ्या गाडीतली ‘तीन’ नव्हे. स्टॅबिलिटी कंट्रोलची गोष्ट निराळी आहे. ती घसरणारी गाडी सावरणारी, खऱ्या गाडीत नसलेली, खेळाने दिलेली मदत आहे आणि ती गाडीला मंद करते, म्हणून शक्य तितक्या लवकर ती बंद करावी.

आता विकतच्या सेटअपविषयी. या खेळाचा सेटअप ही एक छोटी फाइल असते आणि संगणकावर ती त्या गाडीच्या व ट्रॅकच्या फोल्डरमध्ये ठेवली की वापरता येते. त्यामुळे वर्गणी घेऊन अशा फाइली पुरवणाऱ्या अनेक सेवा उभ्या राहिल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेच्या फाइली मी बराच काळ वापरल्या. फाइली निष्णात चालकांनी बनवलेल्या होत्या यात शंका नाही, आणि अडचण तिथेच होती. ज्याचा पाय ब्रेकवरून अचूक उठतो, त्याला गाडीची मागची बाजू जरा मोकळी हवी असते, कारण तिच्याच बळावर तो गाडी वळवतो. तोच सेटअप ब्रेक एकदम सोडणाऱ्याच्या हाती दिला तर त्याची गाडी दर काही लॅपनंतर फिरून उलट्या दिशेला तोंड करते. पुरवलेल्या बऱ्याच फाइली कमी इंधनाच्या, एका लॅपसाठी घडवलेल्या होत्या, आणि कोणत्या तापमानात त्या बनवल्या हे सगळ्याच ठिकाणी लिहिलेले नव्हते. अशा सेवेकडून घेण्याजोगी खरी वस्तू म्हणजे सेटअपसोबत दिलेली टेलिमेट्री. वेगवान चालकाचा आलेख आपल्या आलेखावर ठेवून पाहिला की वेळ कुठे जातो ते दिसते, आणि जवळपास प्रत्येक वेळी ती ब्रेक सोडण्यात आणि एपेक्सच्या किमान वेगात गेलेली असते. केवळ फाइलींसाठी पैसे मोजावेत असे मी कोणाला सांगणार नाही. आलेख मिळत असतील तर मात्र जरूर विचार करावा.

स्टिअरिंगच्या फोर्स फीडबॅकबद्दल (मोटरमुळे हाताला जाणवणाऱ्या बलाबद्दल) थोडक्यात सांगतो. तो जितका जड तितका खरा, असे मानून अनेक जण गेन (त्या बलाची तीव्रता) शेवटपर्यंत चढवतात. स्टिअरिंगच्या मोटरच्या क्षमतेपलीकडे बल मागितले गेले की ती आपल्या कमाल मर्यादेवर अडकून राहते. याला क्लिपिंग म्हणतात, आणि त्या अवस्थेत टायर घसरायला लागल्याचा बारीक संदेश हातापर्यंत पोहोचतच नाही. लहान मोटरच्या स्टिअरिंगवर गेन कमी केल्यावर गाडी अधिक समजू लागते, हे अनेकांना विश्वास बसण्याजोगे वाटत नाही, करून पाहावे. दृष्टिक्षेत्राच्या रुंदीचेही तसेच आहे. ते पडद्याचा आकार आणि डोळ्यांपासूनचे अंतर यांवरून ठरवावे, कारण फार रुंद ठेवले की वेग वाढल्याचा भास होतो आणि ब्रेकच्या जागेचा अंदाज चुकतो. महागड्या स्टिअरिंगने सातत्य येण्यास मदत होते, पण साध्या स्टिअरिंगवरही उत्तम वेळा काढणारे खेळाडू याच खेळात भरपूर भेटतात. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगल्या ब्रेक पेडलवर करावेत, कारण वर सांगितलेले जवळपास सगळे तंत्र त्या पेडलवरच अवलंबून आहे.

खेळाच्या उणिवाही गंभीर आहेत. सेटअपच्या पडद्यावर बदलता येण्याजोग्या गोष्टी इतक्या असूनही त्या प्रत्येकीने काय होते याचे खुलासेवार मार्गदर्शन खेळ देत नाही. गैरसमज फोफावण्याचे मोठे कारण हेच आहे: अधिकृत स्पष्टीकरणाची जागा रिकामी राहिली की ती ऐकीव माहितीने भरते. कोणत्या आवृत्तीत टायरचे योग्य प्रेशर बदलले यासारखी माहिती तर खेळातच, सेटअपच्या पडद्यावर, दिसायला हवी होती. तीन पडद्यांची मांडणी वापरणाऱ्यांसाठी प्रतिमा नीट जुळवण्याची सोय नाही आणि व्हीआरसाठी फार ताकदवान संगणक लागतो. कन्सोलवर सेटअपच्या फाइली बाहेरून आणता येत नाहीत, आकडे हातानेच भरावे लागतात. हे एक वेळ चालेल, पण मोटेकची टेलिमेट्री तिथे मिळत नाही ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. कन्सोलच्या खेळाडूला रिप्ले आणि पडद्यावरचे आकडे एवढ्यावरच भागवावे लागते.

ऑनलाइन शर्यतींसाठी खेळाने जी गुणांकन पद्धत ठेवली आहे, ती मात्र विचारपूर्वक केलेली आहे. सेफ्टी रेटिंग एकट्याने ट्रॅकवर फिरून फारसे वाढत नाही. इतर गाड्यांच्या जवळ राहून, धडक न देता चालवले तर ते वाढते. अनेक सर्व्हर ठरावीक सेफ्टी रेटिंगशिवाय प्रवेश देत नाहीत. यामुळे वेगाच्या मागे लागलेल्या खेळाडूलाही आधी गाडीवर ताबा मिळवणे भाग पडते. सातत्य, गाडीवरचा ताबा आणि ट्रॅकची ओळख यांचेही वेगळे गुण मिळतात, आणि सेटअपला हात लावण्याआधी हे गुण पाहावेत असा माझा आग्रह आहे. सातत्याचा आकडा कमी असेल तर कोणत्याही सेटअपची परीक्षा घेण्यास आपण अजून पात्र झालेलो नाही, इतके ते सरळ आहे.

संगणकावर खेळणाऱ्या आणि एकाच गाडीशी काही महिने निष्ठेने राहण्याची तयारी असलेल्या खेळाडूने हा खेळ घ्यावा. सुरुवातीला फक्त मूळ खेळ पुरे. गाडी मध्यभागी इंजिन असलेली आणि शांत स्वभावाची निवडावी. मागे इंजिन असलेली पोर्श ९११ ब्रेक सोडण्यातली प्रत्येक चूक लगेच दाखवून देते, म्हणून ती नंतरसाठी ठेवावी. ट्रॅक मोंझा किंवा स्पा, सेटअप ‘अ‍ॅग्रेसिव्ह’, हवा स्थिर, आणि बदल फक्त प्रेशर, इंधन व ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) यांतच करावा. लॅपच्या वेळा एकमेकींच्या दोन-तीन दशांश सेकंदांच्या आत येऊ लागल्या की मग अँटी-रोल बारपासून सुरुवात करावी, कारण त्याचा परिणाम सर्वांत लवकर हाताला जाणवतो. डॅम्परचा विभाग त्यानंतरही बराच काळ उघडला नाही तरी काही बिघडत नाही.